पंख्याच्या तोंडी अकरा ड्रॅगन

२ फेब्रुवारी, पहाटे ५.१०
आजपासून युद्धाची रोजनिशी. गेम मोबाइलवरचा असला तरी लढाई ती लढाई.

राजेश्वरीने दिवाळीत गेम घालून दिला. पुण्याला परत निघताना म्हणाली, अप्पा, घरात एकटे असता, यात रोज बोलणं तरी होईल. लेकीला कळत नाही. मी एकटा नसतो, कामात असतो.

आमचा क्लॅन, म्हणजे गेममधली तुकडी, पाच जणांचा. मी लीडर. राजेश्वरी, जावई इंद्रजित, सांगलीचा पुतण्या शंभूराज आणि वरच्या आळीचा भाऊसो, जो माझ्याबरोबरच फौजेत भरती झाला होता. पाचातला एक जरी कमी झाला तरी गेम युद्ध लावू देत नाही. म्हणून पाचही जणांना टिकवणं हे लीडरचं पहिलं काम. टिकवतो.

हवाई हल्ला माझ्याकडे. एअर डिफेन्स रेजिमेंटमध्ये सतरा वर्षं काढली. त्यातली बहुतेक स्टोअरला. पण ब्लँकेटं वाटतानाही डोक्यावरून विमानं जायची.

४ फेब्रुवारी
पहिला हल्ला. अकरा ड्रॅगन, एका ओळीत, कवायतीसारखं दाहिने सज करून, थेट समोरून.

शत्रूकडे हवेचा एक मोठा पंखा आहे. त्याच्या तोंडासमोर उडणारं काहीही आलं की तो मागे ढकलतो. राजेश्वरीने चॅटवर लिहिलं, अप्पा, पंख्याच्या पाठीमागून सोडा. आधी दोन्ही कडांना एकेक ड्रॅगन, मग मधून बाकीचे, बॉम्ब टाकणारे फुगे त्यांच्या आड. सगळे असंच करतात.

करत असतील. पाठीमागून वार मला जमायचा नाही.

निकाल : शत्रूचं कडेकडेचं तेवढं पडलं, अडतीस टक्के, शून्य स्टार. ड्रॅगन तीन मिनिटं जागच्या जागी पंख हलवत राहिले. एकानेही पाठ दाखवली नाही. समाधान.

५ फेब्रुवारी
भाऊसो स्टँडवर भेटला. म्हणाला, नाथाजी, मागनं घाल की गड्या. मी विचारलं, फौजेत होतास ना रे? म्हणाला, व्हतो म्हणून तर सांगतोय. समोरनं जावा म्हणणारा सायेब सोता कवा समोर नसायचा.

चारचौघं हसले. घरी येऊन त्याला एल्डरच्या हुद्द्यावरून साधा मेंबर केला. एकच बटण दाबावं लागतं.

७ फेब्रुवारी
नवा नियम. रोज पहाटे साडेपाचला चॅटवर हजेरी. इंद्रजितने विचारलं, मामा, रविवारीपण? रविवारीपण.

८ फेब्रुवारी, ५.३०
रविवार. हजर : मी.

५.५५
बाकीच्यांचं नेटवर्क खराब असावं.

१२ फेब्रुवारी
ऐन हल्ल्यात राजेश्वरीचा फोन. स्क्रीनवर ड्रॅगनच्या जागी तिचं नाव. कट केला, तोवर सात ड्रॅगन कामी आले होते. पुन्हा समोरूनच सोडले होते. पण या वेळी दोष फोनचा.

हुकूम : युद्धाच्या काळात फोन बंद. जे सांगायचं ते चॅटवर, मुद्देसूद. तिने लिहिलं, जेवलात का एवढंच विचारायचं होतं. उत्तर दिलं : होय. ओव्हर.

१६ फेब्रुवारी
चार दिवसांत तिचा एकही फोन नाही. हुकूम तंतोतंत पाळते आहे. शिस्त माझ्याकडून आली.

भाकरी दोन थापतो. एक उरते. हात मोठा आहे, एकच थापता येत नाही.

२० फेब्रुवारी
शंभूराजने युद्धातले आपल्या वाट्याचे दोन्ही हल्ले केले नाहीत. चॅटवर जाब विचारला, उत्तर नाही. मेमो कागदावर लिहिला आणि एसटीने सांगली गाठली. विट्यात गाडी बदलावी लागली, उभ्याने प्रवास.

शंभूराज मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमध्ये उभा. सौदे चालू होते. मेमो वाचून म्हणाला, आवं काका, यवढ्यासाठी सांगलीला आलाय? त्याच्या शेठनेही वाचला. मोठ्याने वाचला.

पोराने मला वडापाव दिला. आरोप मान्य केला नाही.

२१ फेब्रुवारी
शंभूराजने क्लॅन सोडला. चार उरलो. युद्ध बंद.

हजेरी चालू.

२४ फेब्रुवारी
भाऊसोही गेला. जाताना चॅटवर लिहिलं, लय झालं रं हवालदार. घरी ये च्याला.

गेलो नाही. फितुराकडे चहा घेत नाही. त्याच्या दारावरून दोनदा गेलो, ते दळण आणायला.

१ मार्च
इंद्रजित गेला. चुकून बटण दाबलं गेलं म्हणतो. परत येण्याचं बटणही शेजारीच असतं, हे त्याला कळवलं. कामाचा माणूस आहे, वेळ लागेल.

३ मार्च, सकाळी ७
चॅटमध्ये एक ओळ : राजेश्वरी क्लॅन सोडून गेली. गेम कारण सांगत नाही. खाली पुढची ओळ लिहायला जागा रिकामी ठेवतो.

५ मार्च
आढावा. क्लॅनमध्ये मी. हजेरी शंभर टक्के. लहान तुकडी चपळ असते. नवीन भरती उघडली, अट एकच : पहाटे उठणारा.

अर्ज शून्य. नियोजनाला वेळ मिळाला.

८ मार्च, सकाळी ११.४०
मी फोन केला. युद्धच नाही, म्हणजे हुकूम आपोआप उठला.

पहिल्याच रिंगला उचलला. अप्पा, काय झालं? पडलात का कुठं? मी क्लॅन सोडल्याचं कारण विचारलं. म्हणाली, गेमच काढून टाकला. मला कुठं आवडत होता अप्पा? तुमचं काही कळावं म्हणून ठेवलेला. त्यात तुम्ही फोन बंद केलात, आणि चॅटवर नुसते हुकूम.

मुद्दे कागदावर लिहून बसलो होतो. सगळे क्लॅनचे. संपले.

म्हणाली, बोला ना.

मी म्हणालो, बाकी ठीक. तीही म्हणाली, इकडंपण ठीक. फोन तिने ठेवला नाही. मीही नाही. चार मिनिटांच्या कॉलमध्ये बोलणं एक मिनिटाचं असेल.

शेवटी तिने विचारलं, अप्पा, उद्या करू का फोन? सवयीने तोंडातून गेलं, उद्याचं बघून सांगतो.

फोन ठेवल्यावर उद्याचं बघितलं. उद्या काही नाही.