पिसांची शेड आणि विहिरीजवळचं संत्रं

मी, रोशन भैय्याजी घोरमाडे, वय एकोणतीस, राहणार मोहगाव, तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. परवा नागपूरला माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, साधं आहे. साधं असतं तर आधी कागदावर सही कशाला घेतात? माझी पत्नी सुचिता याला घाबरटपणा म्हणते. घाबरट माणसाला मृत्युपत्र करता येत नाही, असं मात्र तहसिलीतल्या अर्जनवीसाने सांगितलेलं नाही.

१. नववीत शाळा सुटल्यावर मी कोलकात्याला एका कारखान्यात होतो. तिथे गळाला रंगीत पिसं बांधून खोट्या माश्या करतात. परदेशातले लोक त्यांवर मासे पकडतात. आता त्याच कारखान्यासाठी कोंबड्याच्या मानेची पिसं मी घरी रंगवतो. वाटणीत मिळालेली मागची टिनाची शेड, तिथली चूल, रंगाचे डबे आणि हे काम मी सुचिताला देतो. माझे मोठे भाऊ हेमराजदादा माळकरी आहेत. भांडणात ते बोलले होते, "तू गेला तं पिसं बंद, अन् तुह्या बायकोले माहेरी धाडतो." तसं होऊ नये, यासाठीच हा कागद आहे.

२. रंगाचा गंज, म्हणजे पिसं रंगवायचं पातेलं, तोही सुचिताचाच. त्याच्या कडीला लाल चिंधी बांधली आहे. त्यात कोणी स्वयंपाक करू नये. आईने एकदा त्यात कढी केली. मी ती ओतून दिली, म्हणून आई अजून रुसलेली आहे. माझा मोबाईल आईला, देवकाबाईंना, द्यावा.

३. काम सुचिताला येतंच, तरी लिहितो. पिसं आधी साबणाच्या पावडरीने धुवावी. तेल राहिलं तर रंग धरत नाही. पाणी उकळू देऊ नये, पीस आखडतं. व्हिनेगर विसरू नये. ओलं पीस गडद दिसतं, म्हणून एक सुकवून पाहिल्याशिवाय गंज उतरवू नये.

४. कारखान्याला ऑलिव्ह नावाचा रंग लागतो. ऑलिव्ह आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. नमुन्याचं पीस उंदराने नेलं, तेव्हा सुचिताने विहिरीजवळच्या झाडाचं, नुकतं पिवळं पडू लागलेलं हिरवं संत्रं आणलं आणि त्याच्या सालीवरून रंग जुळवला. माल पास झाला. तेव्हापासून दर बहाराला तोच नमुना. पण ते झाड दादांच्या वाटणीत आहे. दादा अंगणातून ओरडले, "पिसाचा इटाळ होते, अन् माह्या झाडाचं संत्रं चालते काय रे?" सुचिता त्यांच्याशी समोरून बोलत नाही. ती पदर सावरून मलाच म्हणाली, "त्याइले सांगा, संत्र्याले इचारूनच तोडलं." दादा हसले नाहीत, पण झाडाभोवती काटेही लावले नाहीत. बहारात एक संत्रं तिला तोडू द्यावं. हा हक्क नाही, विनंती आहे.

५. एका एकादशीला वाऱ्याने ओली पिसं तुळशीत गेली. दादांनी सगळा माल उकिरड्यावर टाकला. भांडण झालं ते हेच. तो राग मी कोणालाही देत नाही, माझ्याबरोबर जाईल. ऑपरेशन नीट झालं तर मात्र माझ्याकडेच राहील.

६. दादांना मी काहीही दिलेलं नाही. हे चुकून राहिलेलं नाही. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं अर्जनवीस म्हणाले, आणि साक्षीदार मला दादाच हवे आहेत. सही केलेला शब्द त्यांनी आजवर मोडलेला नाही.

मोहगाव, ४ ऑक्टोबर २०२५
सही: रोशन भैय्याजी घोरमाडे

साक्षीदार:

१. गुलाब बावणे, चिकन दुकान, मोहगाव (पिसं यांच्याकडूनच येतात)

२. हेमराज भैय्याजी घोरमाडे. वाचलं. सही करून राहिलो. इहिरीजवळच्या झाडाले कीड लागली आहे. संत्रं गोठ्याजवळच्या झाडाचं तोडावं.