शिवणीच्या आतलं कापड

ति. ताईस शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार खरोखरच आडवा पडून घालतो आहे. दुकानातल्या कापायच्या टेबलावर पालथा पडून लिहितोय, कारण बसता येत नाही आणि उभं राहवत नाही.) तुझी तब्येत ठणठणीतच असणार. माझी विचारू नकोस.

परवा भाऊजी तुझ्या नर्सच्या गणवेशांचं गाठोडं दुकानात टाकून गेले आणि तुझा निरोप दिला, ‘मी पुन्हा जाड व्हायची वाट बघत बसू नकोस, यापुढे कपडे दुसरीकडे शिवून घेईन.’ गाठोडं सोडलं आणि समजलो. तीन वर्षांत चारदा तुझे गणवेश आत घेतले, पण जास्तीचं कापड एकदाही कापलं नाही; आतच दुमडत गेलो. शिंप्याची सवय गं, असं म्हणणार होतो. पण तुला खोटं काय सांगू, बाकीच्या गिऱ्हाइकांचं दोन बोटं ठेवतो, तुझं चांगलं वीतभर ठेवलं होतं. म्हटलं, ताईचं पळायचं खूळ चार दिवसांत उतरेल, मग उसवायला बरं. ते म्हणे वॉर्डात सगळ्यांदेखत शिवण सुटून बाहेर लोंबलं.

तरी मला रागच आला (आपल्या घराण्यात चूक करणाऱ्यालाच आधी राग येतो). पळण्यात काय एवढं मोठं, पाय तर सगळ्यांनाच असतात, असं म्हणत काल पहाटे मैदानावर गेलो. पहिल्या वळणापर्यंत रुबाबात होतो. दुसऱ्या वळणावर जीभ बाहेर आली, आणि पाण्याच्या टाकीशी पोचलो तेव्हा पँट मागून टर्रकन उसवली. माझ्याच हातची शिवण, तोंड कुणाला दाखवू! सत्तरीचे एक निवृत्त पोस्टमन शेजारून दोनदा पुढे गेले, तिसऱ्यांदा थांबून त्यांनी मला टॉवेल दिला. मला ओळखून म्हणाले, तुमची ताई पहिले चार महिने इथपर्यंतच यायची. रात्रपाळी करून, सुजलेल्या पायांनी. टाकीला टेकून रडायची आणि दुसऱ्या दिवशी परत हजर.

ताई, हे तू आम्हाला कधी बोलली नाहीस. एकवीस किलोमीटर पळून आलीस त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, नशीबवान आहे, हिचा बांधाच तसा! काल दुकानात येऊन मापाची वही काढली. तुझी कंबर अर्ध्या अर्ध्या इंचानं उतरलीय. मधे तर सात महिने जागची हलली नाही, तरी तू माप द्यायला येतच होतीस. प्रत्येक आकडा माझ्याच अक्षरातला, आणि मला मेल्याला दिसला नाही. तुझा फार फार अभिमान वाटतो. हे तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो.

तुझा,
पालथा पडलेला धाकटा

ता. क. सहाही गणवेशांतलं जास्तीचं कापड आज कापून टाकलं. आता जाड झालीस तर माझी जबाबदारी नाही.

ता. क. २. कापड वाया घालवलं नाही. माझ्या काळ्या पँटला मागून जोडलंय. पांढरी पट्टी दिसते, पण पळताना माझ्या मागे असतंच कोण?

ता. क. ३. रविवारी मैदानावर जाताना खालून हाक मार. मी झोपलोय म्हणून ओरडेन, तरी मार. टाकीपर्यंतच जाऊ. तिथं मी रडलो तर तेवढं घरी सांगू नकोस.