व्याह्यांची दाढ आणि नवी आवृत्ती

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद द्यायची इच्छा नाही, पण तुझी आई माझी थोरली बहीण आहे आणि हे पत्र तुझ्याआधी तीच फोडून वाचणार, तेव्हा अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती ठणठणीत असेलच. दुसऱ्याला कामाला लावून जाणाऱ्यांची ती असतेच. ताईचे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे ते कळवावे. इकडे सर्व ठीक, असे पुढे लिहायचे असते. इकडे काहीही ठीक नाही. हे पत्र मी कागदावर लिहितो आहे, कारण फोनवर 'दाढ' लिहिले की तो परस्पर 'दाढी' करतो. परवा एका पेशंटला माझ्याकडून 'उद्या दाढी काढायला या, अजिबात दुखणार नाही' असा निरोप गेला. (त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. आल्या नाहीत.)

आता मूळ विषय. मागच्या सुट्टीत तू राहायला आलास, आणि मी दुपारी जरा आडवा झालो असताना दवाखान्यात शिरून माझ्या काँप्युटरवर नवी सिस्टिम घातलीस. 'मामा, हे तुझं मशीन म्हणजे म्युझियम आहे,' असे म्हणून तू दात काढलेस, आणि मी माझे मिटून घेतले, ही माझी चूक. अरे, त्या जुन्या सिस्टिमने माझे काय वाकडे केले होते? प्रत्येक बटण जिथे ठेवले तिथे सापडायचे. आता सगळ्या खिडक्यांचे कोपरे गोल झाले आहेत आणि कामाचे जे जे होते ते तीन ठिपक्यांमागे जाऊन लपले आहे. माणसाच्या दाढेतले चौथे मूळ मी आरशात बघून शोधतो, पण प्रिंट कुठून काढायची ते मला सापडत नाही. जुना ब्राउझर गरीब होता, त्याला स्वतःची मते नव्हती. हा नवा रोज सकाळी विचारतो की मी त्याला मुख्य ब्राउझर का करत नाही. नको म्हटले की दुपारी पुन्हा, जरा दुखावलेल्या सुरात. वर कोपऱ्यात हवामान. (ऊन पडले आहे हे मला खिडकीतून दिसते. खऱ्या खिडकीतून.)

मला राग कशाचा येतो सांगू? न विचारण्याचा. आम्ही दंतवैद्य माणूस खुर्चीत येऊन बसला तरी विचारल्याशिवाय त्याच्या तोंडात बोट घालत नाही. 'आत्ता काढू की तासाभराने आठवण करू' असे दोनच पर्याय देऊन आम्ही चिमटा हातात घेत नाही. 'काढूच नका' हाही एक पर्याय असतो आणि पुष्कळ लोक तो घेतात. तुमच्या काँप्युटरच्या धंद्यात तो का नाही, याचे उत्तर तू मला लेखी दे.

तर आज, मंगळवारी, सकाळी माझे व्याही दाढ काढायला आले. लग्नात तू त्यांना पाहिले आहेस: उंच, करड्या मिशांचे, निवृत्त न्यायाधीश, मीठ मागितले तरी निकाल वाचून दाखवल्यासारखे वाटते. त्यांचा कुठल्याच डॉक्टरवर विश्वास नाही. माझ्या लेकीने सासऱ्यांपुढे दातांच्या कण्या केल्या तेव्हा कुठे ते माझ्या खुर्चीत बसले, म्हणजे माझी काय परीक्षा होती ते ध्यानात घे. खालच्या उजव्या बाजूला शेवटच्या दोन दाढा, दोन्हींत जुनी चांदी भरलेली, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. एक्स-रेत त्यातल्या एकीच्या मुळाशी सावली दिसली होती. कुठल्या, ते एक्स-रे पाहूनच खात्रीने सांगता येणार, आणि एक्स-रे काँप्युटरच्या पोटात. मी इंजेक्शन दिले, ओठ बधिर झाल्याची खात्री केली, चिमटा उचलला आणि शेवटचे एकदा बघावे म्हणून पडद्याकडे वळलो. पडदा निळा. मधोमध एक चक्र फिरते आहे आणि खाली अदबीने लिहिले आहे: थोडा वेळ लागेल, काँप्युटर बंद करू नका, आम्ही तुमच्यासाठी काही छान गोष्टी तयार करत आहोत.

ठोंब्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छान गोष्टी मला नको होत्या, मला दाढ हवी होती. अंदाजाने काढावी म्हणशील, तर एकदा काढलेली दाढ पूर्ववत करण्याचे बटण अजून निघालेले नाही. मी फोन हातात घेतला, तुला गाठावे म्हणून. फोनने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ओळख दाखवली नाही, कारण तोंडावर मास्क. मास्क काढला, तरी नाही. (माझा रागावलेला चेहरा त्याच्या दप्तरी नसावा.) आकडे दाबावेत तर हातात मोजे. मोजे काढून फोन उघडला तर कालपर्यंत जिथे फोन करायचे चित्र होते तिथे आता पावले मोजायची सोय आली आहे. तोवर व्याही आ वासून घशातून काहीतरी बोलत होते. मी त्यांना 'हलू नका, झालंच' असे सांगत होतो, डॉक्टर सांगतात तसेच. शेवटी आमच्या मदतनीस बाईंनी विचारले, 'साहेबांना तोंड मिटू द्यायचं का?'

तू फोन उचललास तेव्हा मागून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. मी सगळे सांगितले. त्यावर तू, चार वर्षे शिकून पदवी घेतलेला माझा भाचा, काय म्हणालास? 'मामा, एकदा बंद करून चालू करून बघ ना.' समोर पडद्यावर लिहिले होते की बंद करू नका. तुमचे आपापसात तरी काही ठरले आहे की नाही?

मग तो आपणहून सुरू झाला आणि नमस्कार म्हणाला. मी नमस्कार केला नाही. त्याने मला आवडता रंग विचारला, मी कुठे आहे ते कळवू का विचारले, जाहिराती माझ्या आवडीच्या दाखवू का विचारले. इकडे खुर्चीत एका न्यायाधीशाच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि मी चित्र निवडत होतो, डोंगर की समुद्र. एवढे सगळे झाल्यावर एक्स-रेचा कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम उघडला तर तो म्हणतो, ही जुनी आवृत्ती इथे चालणार नाही. दाढ काढता येणार नाही, हे मी व्याह्यांना सांगितले. ते उठले, रुमालाने तोंड पुसले आणि निघून गेले. निकाल राखून ठेवला. घरी पोचल्यावर त्यांनी सूप घेतले, ते बधिर ओठावरून सगळे शर्टावर आले, आणि लगेच लेकीचा मला फोन: 'बाबा, तुम्ही त्यांना नक्की केलंत तरी काय?' तिला काय सांगू? मी काहीच केले नाही, हेच तर माझे दुःख आहे.

म्हणून तुला शेवटचे सांगतो. पत्र मिळाले की येत्या रविवारी ये आणि जिथून जे काढलेस तिथे ते परत ठेव: जुनी सिस्टिम, जुना ब्राउझर, चौकोनी कोपरे, सगळे. तोवर माझ्या दारात पाऊल ठेवण्याचे दुसरे कारण तुला नाही. ताईला नमस्कार, भाऊजींना नमस्कार, तुला काही नाही.

तुझा संतापलेला,
मामा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी व्याह्यांचा फोन आला. बधिरपणा उतरला होता आणि बोलणे स्पष्ट होते. म्हणाले, 'डॉक्टर, माझा ओठ बधिर होता, जीभ बधिर होती, खालचा जबडा आहे की नाही ते कळत नव्हतं. पण दाढ मात्र सारखी ठणकत होती. मी तेच सांगत होतो, पण तुम्ही यंत्राशी भांडत होता.' ठोंब्या, तुला यातले कळणार नाही म्हणून सांगतो. खालचा जबडा पुरता बधिर असून दुखणे थांबत नसेल तर दुखणारी दाढ खालची नसते. त्यांना लगेच परत बोलावले, वरच्या दाढेवर आरशाच्या दांड्याने हलकेच टकटक केली, आणि ते खुर्चीतून उडाले. तडा गेला आहे. खालची अगदी धडधाकट आहे. एक्स-रेतली ती सावली, म्हणजे, सावलीच होती. चक्र फिरले नसते तर मी व्याह्यांची चांगली दाढ काढून त्यांच्या हातात ठेवली असती.

आणखी ता. क. हे कुणाजवळ बोलू नकोस. (ताई, तूसुद्धा.) मी त्यांना सांगितले आहे की आमच्याकडे नव्या पद्धतीची सिस्टिम आहे, डॉक्टरच्या निदानात शंका असली की ती ऐनवेळी काम थांबवते. ते फार प्रभावित झाले. अशी सोय आपल्या कोर्टात असायला हवी होती म्हणाले, आणि आता त्यांना तीच त्यांच्या काँप्युटरवर हवी आहे. तेव्हा रविवारी इकडे येऊ नकोस, थेट त्यांच्याकडे जा आणि मला घातलीस तीच त्यांना घाल. काही विचारले तर गंभीरपणे मान हलव. माझ्या काँप्युटरला हात लावायचा नाही. वर लिहिलेला राग मात्र खरा आहे, तो जपून ठेव. दाढ शुक्रवारी काढतो आहे. वरची. या वेळी त्यांना आधी बोलू देणार आहे.