उन्हातली वाघजाई

१२ मार्च १९८२, शुक्रवार
वाघजाईच्या देवराईची वरची बाजू तोडून संपली. कोळशाच्या भट्ट्या अजून धुमसताहेत. ऐन, हिरडा, जांभूळ, सगळं एकाच भावात भट्टीवाल्याला गेलं. बदल्यात वाघजाईला पक्कं देऊळ. दसऱ्याला कौल मीच लावला होता, ‘देऊळ बांधू का?’ देवीच्या खांद्यांवर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी आधी पडली, म्हणजे होकार. झाडं तोडू का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मी गुरव, मलाही नाही.

१९ मार्च
पूजेला गेलो तर देवीच्या तोंडावर ऊन. जन्मात पाहिलं नव्हतं. अंगावरचं शेवाळ वाळून पोपडे निघालेत. राईत शिरलं की भर वैशाखात अंगावर काटा यायचा, एवढा गारवा. आता बाहेर तापते तशीच आत हवा. फार वाईट वाटलं. आरती अर्धीच म्हटली.
घरी ही झऱ्यावरून उशिरा आली. “वाटीनं भरतोय पानी. बाया भांडाय लागल्यात.”

२ एप्रिल
पुण्याहून कॉलेजचे एक सर आले, पानं गोळा करत होते. म्हणाले, झाड मुळाने पाणी ओढतं नि पानातून हवेत सोडतं, म्हणून खाली गार. जंगलं अशीच जात राहिली तर सगळ्या जगाची हवा तापेल.
सरपंच अण्णा हसले. “जगाचं ऱ्हाऊ द्या, सायेब. आमची देवी पावसात उबी हाय.”
तेही खोटं नाही. छप्पर मलाही हवंच होतं.

१० एप्रिल
भिंतीतच पैसे संपले. भट्टीवाला आता खालची बाजू मागतो. झऱ्याच्या डोक्यावरची!
अण्णा म्हणे, “कौल मिळालाय की. पुन्ना काय इचारायचं?”
म्हटलं, “तो देवळाचा हुता. झाडाचा न्हाई.”
बरीच बाचाबाची. शेवटी मंगळवारी कौल लावायचं ठरलं.

१३ एप्रिल, मंगळवार
सगळा गाव जमला. उन्हं चढलेली. पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत दोन्ही एकदमच गळल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. पूर्वी ताटकळत बसावं लागायचं.
कुणी म्हणालं, देवी रुसली.
ही बायांतून पुढं आली. “रुसली न्हाई. दगूड तापलाय. हात लावून बगा.”
अण्णांनी हात लावला नि झटकन मागं घेतला. मग म्हणाले, “उद्या उजाडताच लावू. दगूड गार असंल.”
त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, म्हणतील राहू दे आता. पण तसं म्हणाले नाहीत.

त्याच दिवशी, दिवेलागण
हिने विचारलं, “आन् उजवी पडली तर?”
“तर देवीनं झाडं दिली म्हनायचं. गुरवाला दुसरं काय म्हनता येतंय?”
ती उठली. कळशी घेऊन पुन्हा झऱ्यावर गेली.
मघापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. डाव्या पाकळीला पाणी जरा कमी लावलं तर ती आधी पडेल. नकार. कुणाला कळणार नाही. वडिलांनी केलं नाही, मी कधी केलं नाही. असा विचार मनात आला याचीच भीती वाटते. पण खालची बाजू गेली तर ही उद्या पाण्याला कुठं जाईल?