अकरा त्यांचे, अकरा आपले

सर,

आपला क्लब आता नाही. म्हणजे आहे, पण निम्मा. साताऱ्याचा आपला आणि सांगलीचा त्यांचा, दोन्ही एक झाले. लीगला लागतं तसं मैदान त्यांच्याकडे होतं, खेळायचा परवाना आपल्याकडे, आणि खेळाडूंचे पगार एकट्याच्या जिवावर दोघांनाही जमत नव्हते. ज्यांच्याशी सामना असला की तुम्ही आम्हाला प्यायचं पाणीसुद्धा घरून न्यायला लावायचात, त्यांच्याबरोबर मी आता एका गाडीतून फिरतो. जर्सीचा रंग तिसराच आहे. प्रशिक्षक मी आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे सांगताना फारसं वाईटही वाटत नाही.

वाईट वाटतं ते यादीचं. दोन संघांचा एक करायचा म्हणजे निम्म्यांना घरी पाठवायचं. मी तुमच्या हाताखाली होतो तेव्हाची एक सकाळ आठवते. निवडीची यादी मी मैदानाच्या फाटकावर चिकटवली होती. तुम्ही ती काढलीत, घडी करून माझ्या खिशात घातलीत आणि म्हणालात, "आपलं नाव नाही हे त्यानं फाटकाकडून ऐकायचं का रे?" मग मला स्कूटरवर मागे बसवून तीन गावं फिरलात. प्रत्येक घरी चहा घेतलात आणि तो संपायच्या आत कारण सांगितलंत. एकच कारण, खरं, आणि समोरच्याला त्यावर भांडता येईल असं. भांडलेही. एकाच्या आईनं तर तुमच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. तुम्ही परत येताना स्कूटरवर हसत होतात.

यंदाची यादी करायला मी आणि सांगलीचे जुने प्रशिक्षक बसलो. ते आता माझे सहायक आहेत. शेवटच्या नावाशी अडलो. पगारी गोलकीपर एकच ठेवता येणार होता. एक आपला वडूजचा, दहा वर्षं आपल्या गोलात उभा असलेला, आणि एक त्यांचा तरुण. तोवर यादीत आपले अकरा झाले होते, त्यांचे दहा. सहायक म्हणाले, "किपर तुमचाच ठेवा की. आमच्या पोराला अजून दोन वर्षं लागतील." मी त्यांच्या पोराचं नाव लिहिलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

वडूजला दुपारी पोचलो. तो घरामागे मेंढरांच्या वाडग्याचं कुंपण दुरुस्त करत होता. मला बघून पक्कड खाली ठेवली.

"आलास व्हय गड्या. गाडी सावलीला लाव."

त्याच्या बायकोनं दारातून विचारलं, "आवं, जेवाण करू का च्या ठिवू?"

"च्याच ठेव. ह्यो जेवाय आला असता तर लय बरं झालं असतं." मग माझ्याकडे वळून, "साखर जास्त घालाय सांगू का?"

आपल्या क्लबातली ही जुनी थट्टा. यादीच्या दिवसांत प्रशिक्षक घरी चहाला आला म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक. मी सांगितलं. त्यानं ऐकलं, चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "सांगलीचं पोरगं चांगलं हाय," म्हणाला. "हात लांब हायत. पर मी कुठं कमी पडलो तेवढं सांग."

मी म्हणालो, कॉर्नरच्या वेळी गोल सोडून पुढे यायला तुला उशीर होतो.

तो भांडला नाही. "व्हय, आसंल," म्हणाला. "मला कळलं न्हाई."

बायको दारातच उभी होती. "औंदा कॉर्नरवर येक तरी गोल खाल्ला का ह्येंनी? समद्या मॅची मी मोबाईलवर बघितल्यात."

"गप गं. त्याला जास्त कळतं."

मी चहा संपवला आणि निघालो.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. रोज सकाळी तो धाकट्या भावाला कोपऱ्यातून चेंडू मारायला लावतो आणि पुढे येऊन वरच्या वर पकडतो. "आता लवकर निघतोय बग. मधी कुणाची जागा रिकामी झाली तर सांग. येकदा यिऊन बघून तर जा." मी येतो म्हणालो. अजून गेलेलो नाही.

त्याच्या खेळात तो दोष कधीच नव्हता. अकरा त्यांचे, अकरा आपले झाले म्हणून सांगलीत मला कुणी नावं ठेवली नाहीत. बारा–दहा असते तरी ठेवली असती असं नाही. असा हिशेब माझ्याकडे कुणी मागितलाच नव्हता. तो आपला होता म्हणून गेला, एवढंच खरं कारण. हे सांगितलं असतं तर तो भांडला असता, आणि त्याचंच बरोबर ठरलं असतं.

आज कागद घेऊन बसलो तो त्याला हे कळवायला. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.