बाबांच्या राहिलेल्या गोळ्या

ठमे,

मी गाडी घेऊन तुझ्या बाबांच्या मागे निघाले आहे. जेवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

स्पर्धेसाठी सायकलवरचं वजन कमी करायचं म्हणून या माणसाने टूथब्रशची दांडी करवतीने कापली, तेव्हा मी हसले होते. आज बाथरूमचं कपाट आवरायला घेतलं, तर मागे हृदयाच्या गोळ्यांची अख्खी पाकिटं! तीही वजनात धरली वाटतं. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं होतं ते बागेपर्यंत, ओसाड किनाऱ्याने एकट्याने कोसच्या कोस नव्हे.

लगेच फोन लावला. म्हणे, "अगं, मी ठणठणीत आहे. वाटेत बाहेरच्या कुणाकडूनही काही घेतलं तर स्पर्धेतून बाद होईन, तू येऊ नकोस." आणि वर मलाच सांगतात, "डोकं शांत ठेव!"

त्यांचा फोन आला तर आई झोपलीय म्हणून सांग, नाहीतर मला चुकवून पुढे सटकतील. त्यांच्या वाटेवरच्या दीपस्तंभापाशी गाठतेच त्यांना. माझ्यासमोर गोळी गिळली की पुढे जायचं की परत यायचं, ते त्यांचं ते बघतील. बाद केलंस म्हणून वर्षभर अबोला धरला तरी चालेल मला. घरात बसून धरतील ना!

— आई