काठ सगळ्यांचा, ‘नाही’ ज्याचं त्याचं

मी, खाली सही करणारी, नदीकाठच्या बोट दुरुस्ती शेडची मालकीण, जिला वरपासून खालपर्यंत सगळी नदी ‘इंजिनवाली’ म्हणून ओळखते, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. देताना त्या हसल्या, ते सोडा. मला कोणी धमकावलेलं नाही की गोड बोलून गुंडाळलेलं नाही. गुंडाळायला बरेच आले होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. उद्या कोणी माझ्या अंगठ्याचा कागद नाचवला तर तो खोटा समजावा, कारण मला सही येते.

कलम एक. माझ्या मालकीचं जे काही आहे ते असं: शेड, तिच्या मागचं दोन खोल्यांचं घर, हत्यारं, बँकेतली शिल्लक आणि शेडसमोरचा काठ. नवरा आधीच गेला, त्यामुळे मी काही न लिहिता गेले तर कायद्याने हे सगळं माझ्या एकुलत्या एक मुलाला जाईल, आणि मुलगा पामतेलाच्या कंपनीत नोकरीला आहे. म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम दोन, काठाबद्दल. हे लांबेल, वकीलबाईंनी कंटाळू नये.

या नदीला खोल पाणी काठाला लागतं ते फक्त माझ्या शेडसमोर. वर खडक, खाली गाळ. कंपनीच्या मोठ्या बोटी लागू शकतात त्या इथेच. जंगलातून तोडलेला ओंडका असो की तेलाचं पिंप, बाहेर जायचं तर माझ्या दारावरून जाईल. माझं सासर म्हणजे पलीकडचं जंगल आणि त्यात पूर्वापार राहणारी माणसं. त्यांच्याकडे त्या काळी एका झाडाचाही कागद नव्हता. मी शहरातून इंजिन दुरुस्त करायला आले आणि ते चालू होईपर्यंत नावाड्याच्या प्रेमात पडले. शहरातली म्हणून माझ्याकडे ओळखपत्र होतं, म्हणून काठाचा कागद माझ्या नावे झाला. जमीन त्यांचीच होती, कागद तेवढा माझा. हे मी कधी विसरले नाही आणि या कलमाचं मूळ तेच आहे.

आता माझ्या सासरच्यांची एक खोड. पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. मान डोलावतात, ‘बघू’ म्हणतात, आणि मग ते काम करत नाहीत. लग्नानंतर पहिलं वर्ष मला हे कळलंच नाही. नवऱ्याला म्हणायचे, छप्पर गळतंय, बघ ना. हा म्हणायचा, बघू. पुढच्या पावसात मी भांडी मांडत बसले आणि कपाळाला हात लावला.

कंपनीची माणसं आली तेव्हा हेच झालं. त्यांनी विचारलं, तुमचा मुखिया कोण? मुखिया कोणी नव्हताच. जमिनीचं काही ठरवायचं तर इथे सगळे बसतात, आणि एकही जण रुसून गेला असेल तर तो परत येईपर्यंत वाट बघतात. पण पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून माझ्या दिराला पुढे केलं, कारण त्या दिवशी त्याचा सदरा धुतलेला होता. साहेबांनी नकाशा पसरला, दीर मान डोलावत राहिला, बाकीचे मागे उभे राहून मान डोलावत राहिले. साहेबांनी लिहून घेतलं, सर्वांची संमती आहे. दिराला एक जनरेटर मिळाला. तो आजही बंद आहे आणि तो मी दुरुस्त करणार नाही, हे त्याला मी जिवंतपणी सांगितलेलं आहे.

पुढे काय झालं ते सगळ्या नदीने पाहिलं. डोंगरच्या डोंगर उघडे पडले, एकाच जातीची, पामची, झाडं रांगेत लागली. कंपनीच्या तेलगिरणीच्या सांडपाण्याचं तळं फुटलं आणि ओढा काळा झाला. मासे उलटे होऊन तरंगत आले. माझा नवरा तरी रोज जाळं टाकायला जायचा. रिकामं जाळं घेऊन यायचा आणि ते स्वच्छ धुऊन वाळत घालायचा. मला अजून त्या वाळणाऱ्या जाळ्याची आठवण आली की रडू येतं. कंपनी म्हणाली, तळं ठेकेदाराचं होतं, आणि हात झटकून मोकळी झाली.

खटला चालवला तो माझ्या नणंदेने. मी फक्त बोटीत डिझेल भरलं. कोर्टात साहेबांच्या वकिलाने विचारलं, तुम्ही मान हलवली होती की नाही? नणंद म्हणाली, “हलवली. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. पण म्हणून पाहुण्याने चूल उचलून न्यायची असते का?” संमती रद्द झाली. जंगलाचा कागद जंगलातल्या लोकांच्या नावे झाला, तळं उपसून ओढा साफ करायचा हुकूम कंपनीला मिळाला. आम्ही सगळे त्या दिवशी बोटीत इतके ओरडलो की नणंदेचा आवाज बसला.

पण कंपनी वरच्या कोर्टात गेली आहे, आणि काठावर तिचा डोळा आहेच. काठ मिळाला तर उद्या दुसऱ्या नावाने जंगलात शिरता येईल. म्हणून मी असं ठरवते: काठाची जमीन वस्तीतल्या प्रत्येकाच्या नावे, म्हाताऱ्यापासून काल जन्मलेल्यापर्यंत, समान आणि वाटणी न होणाऱ्या हिश्शाने जावी. विक्री, गहाण किंवा भाडेपट्टा करायचा असेल तर एकूण एक हिस्सेदाराची सही लागेल. मान डोलावली ती सही धरू नये. वकीलबाई म्हणाल्या, “अहो, इतक्या जणांचं कधी एकमत होईल का?” मी म्हटलं, बाई, बोट कोणत्या खुंटाला बांधायची यावर मी सून म्हणून आल्यापासून वाद चालू आहे. त्याच भरवशावर तर देतेय!

कलम तीन. शेड आणि हत्यारं पुतणीला. ती आजही माझ्यापेक्षा चांगलं काम करते, फक्त हात पुसायची फडकी जागेवर ठेवत नाही. मोठा पाना जाऊबाईंनी नारळ फोडायला नेला तो परत आलाच नाही. तो आता त्यांचाच समजावा, पण पुतणीने मागितला तर द्यावा, आणि देताना तोंड वाकडं करू नये.

कलम चार. बँकेत जे असेल त्यातून शाळेच्या बोटीचं इंजिन बदलावं. उरेल ते वरच्या कोर्टातल्या कामाला.

कलम पाच, कंपनीला. होय, तिलाही देते. बोटीच्या इंजिनाला थंड ठेवायला एक रबरी चक्र नदीचं पाणी ओढत असतं. स्वच्छ पाण्यात ते वर्षानुवर्षं टिकतं. डोंगर सोलले तेव्हापासून गाळाने ते महिन्याभरात झिजायला लागलं. ती झिजलेली चक्रं मी तारेत ओवून शेडमध्ये टांगली आहेत. ती पूर्ण माळ कंपनीच्या मोठ्या साहेबांना द्यावी. त्यांच्या खोलीत वनराईचे मोठे फोटो आहेत, तिथेच टांगायला हरकत नाही. फक्त शेवटचं चक्र द्यायचं नाही. ते मी गेल्या पावसाळ्याच्या आधी बसवलं होतं. परवा उघडून पाहिलं, पाती जवळजवळ नव्यासारखी! ओढा उपसायला लागल्यापासूनचा हा फरक आहे. खंड्या पक्षी परत खांबावर बसायला लागलाय, आणि तो काही कंपनीच्या जाहिरातीसाठी बसत नाही. ते चक्र नणंदेला द्यावं.

कलम सहा खोडलं आहे, कारण ते रागात लिहिलं होतं. मुलाबद्दल होतं. त्याऐवजी पुढचं वाचावं.

कलम सात. घर मुलाला. आणि काठातला एक हिस्साही मुलाला, इतरांइतकाच, कमी नाही जास्त नाही. पुतणी म्हणाली, काकू, वेड लागलं का, तो कंपनीचा माणूस! मी विचार करूनच देतेय.

बाळा, हे तुझ्यासाठी. तू काठ विकायची गोष्ट काढलीस तेव्हा मी तुला नाही नाही ते बोलले आणि तू यायचा बंद झालास. तू वाईट नाहीस. तुझ्या साहेबांसमोर तुला पाहिलं तेव्हा मला तुझे बाबा दिसले, तशीच मान डोलावत उभे. तुला ‘नाही’ म्हणायला कोणी शिकवलंच नाही. माझ्याकडे तो शब्द भरपूर होता, पण मी तो सगळा तुझ्यावरच खर्च केला. तर तुझा हिस्सा म्हणजे तो एक शब्दच समज. जमीन किती येईल कोण जाणे, एक पाऊल ठेवण्याइतकी. पण तुझ्या सहीशिवाय काठ जाणार नाही. कोणीतरी येऊन तुला विचारेल, आणि तुला उत्तर द्यावं लागेल. माझी फार इच्छा होती की ते उत्तर मी जिवंतपणी ऐकावं.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. साक्षीदार मिळवताना नाकी नऊ आले, कारण वस्तीतला प्रत्येक जण हिस्सेदार निघाला आणि हिस्सेदाराने साक्ष देऊ नये असं वकीलबाईंचं म्हणणं. शेवटी वस्तीबाहेरचे म्हणून डिझेलवाले आणि नर्सबाई यांना बोलावलं.

पुरवणी, सहीपूर्वी. वरचं सगळं लिहून झालं, दोन्ही साक्षीदार बसले होते, डिझेलवाले दुसरा चहा मागत होते, आणि मुलगा दारात उभा राहिला. बरोबर कंपनीची बॅग, बॅगेत काठाच्या विक्रीचा करार, माझ्या सहीसाठी. मी हे कागद त्याच्यापुढे सरकवले. त्याने उभ्यानेच वाचले. कलम सातला तो खाली बसला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. साहेबच होते, आवाज खोलीभर येत होता. आईने सही केली का?

मुलगा म्हणाला, “बघू, साहेब.”

नर्सबाईंनी माझा हात धरला. मी दाराबाहेर पाण्याकडे बघत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं, बघू म्हणजे काय? होय की नाही?

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मान डोलावली नाही. त्याच्या बाबांच्या त्याच हळू आवाजात म्हणाला, “नाही साहेब. आई सही करणार नाही. आणि मीही.”

हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला, म्हणून इथे नोंदवून ठेवते आणि आता आनंदाने सही करते.

सही: इंजिनवाली

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने सही केली. वर लिहिलेलं ‘नाही’ आम्हीही ऐकलं.

साक्षीदार १: डिझेलवाले
साक्षीदार २: दवाखान्यातल्या नर्सबाई

ठिकाण: शेड, खोल पाण्याचा काठ
दिनांक: चौदा ऑक्टोबर, सकाळी